वारा किती नंबरचा?

पावसाळ्यात पेपरात एक बातमी हमखास असते : 'बंदरात तीन नंबरचा बावटा'. ज्यांचं घर कोकणात किनाऱ्यावर आहे त्यांना ती वाचून लगेच कळतं की आज होड्या बाहेर काढायच्या नाहीत. आपण पुण्या-मुंबईचे शनिवार-रविवारचे भटके मात्र पान उलटतो आणि मोबाईल उघडतो. पाऊस ४० टक्के, वारा ताशी १८ किलोमीटर, वर एक गोंडस ढग. झालं! सॅक भरा, उद्या पहाटेची गाडी.

पण मंडळी, गंमत अशी की तो बावटा आणि मोबाईलमधला हा ढग एकाच घराण्यातले आहेत. या घराण्याचा मूळपुरुष रॉबर्ट फिट्झरॉय. डार्विनला घेऊन जगभर फिरलेल्या 'बीगल' जहाजाचा कप्तान. डार्विनचं नाव शाळेतच कानावर पडतं, जहाज चालवणारा मात्र कुणाला आठवत नाही. (आपल्याकडे प्रॉडक्शन सर्व्हर सांभाळणाऱ्याचं होतं, तेच!)

'बीगल'ची ती सफर १८३१ ते १८३६ अशी झाली. वारा मोजण्याची बोफर्ट साहेबाची पट्टी अधिकृतपणे पहिल्यांदा वापरली गेली ती याच सफरीत, असं मानतात. ही पट्टी मोठी व्यवहारी होती. शून्य म्हणजे हवा ठप्प, बारा म्हणजे चक्रीवादळ. पण मुळात ती ताशी इतके मैल अशी नव्हतीच. या वाऱ्यात जहाजाला किती शिडं उभारता येतील, त्यावर नंबर ठरायचा. म्हणजे वाऱ्याचा नंबर हा पहिल्यापासून 'आता काय करायचं' याच्याशी बांधलेला होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८५४ साली फिट्झरॉयला ब्रिटिश सरकारच्या नव्या हवामान खात्याचा प्रमुख नेमलं. काम कारकुनी होतं : जहाजांनी केलेल्या नोंदी गोळा करा, तक्ते बनवा. मग ऑक्टोबर १८५९ मध्ये 'रॉयल चार्टर' हे ऑस्ट्रेलियाहून परतणारं जहाज वेल्सच्या अँगलसी बेटाच्या किनाऱ्यावर वादळात फुटलं. सुमारे साडेचारशे माणसं गेली, तीही घरापासून हाकेच्या अंतरावर. फिट्झरॉयने हिशेब मांडला. वादळ एका जागेहून दुसऱ्या जागी सरकतं, त्याला तास लागतात. तारेने निरोप जायला मिनिटं लागतात. मग वादळाच्या आधी निरोप का पोचू नये?

इतकी साधी कल्पना होती. किनाऱ्यावरच्या ठाण्यांवरून तारेने रोज नोंदी येऊ लागल्या आणि फेब्रुवारी १८६१ पासून बंदरांना वादळाचे इशारे जाऊ लागले. इशारा म्हणजे काठीवर चढवलेला कापडी शंकू. टोक वर असेल तर वादळी वारा उत्तरेकडून, खाली असेल तर दक्षिणेकडून. १ ऑगस्ट १८६१ ला लंडनच्या 'टाइम्स'मध्ये सर्वसामान्य लोकांसाठी पहिला हवामान अंदाज छापून आला. वारा बेताचा, हवा चांगली, असा दोन-चार ओळींचा मजकूर.

आपल्याकडेही याच काळात हालचाल झाली. ऑक्टोबर १८६४ च्या चक्रीवादळात कलकत्त्याच्या परिसरात हजारो माणसं मेली आणि १८६५ साली तिथल्या बंदरात इशारे सुरू झाले. पुढे ते आपल्या किनाऱ्यावरही आले. आजही आपल्याकडे बंदरांसाठी एक ते अकरा असे नंबर आहेत. तीन नंबर म्हणजे बंदराला सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका. आणि अकरा नंबरचा अर्थ तर आपल्या धंद्यातल्या माणसाने टाळी द्यावी असा आहे : इशारा देणाऱ्या कचेरीशी संपर्क तुटलाय! माहिती मिळत नाही हीसुद्धा एक माहिती आहे, आणि तिचा नंबर सगळ्यांच्या वर.

असो. परत फिट्झरॉयकडे.

त्याने एक शब्द मुद्दाम निवडला. आपण जे देतो ते भविष्य नाही आणि भाकीतही नाही, हे त्याला ठासून सांगायचं होतं. शास्त्र आणि गणित यांच्या आधारे बनवलेलं मत, एवढाच त्याचा दावा होता. त्यासाठी त्याने 'फोरकास्ट' हा शब्द रूढ केला. मराठीत आपण सरळ 'अंदाज' म्हणतो, म्हणजे चुकू शकतो हे शब्दातच कबूल आहे. तरी 'वेधशाळेने पाऊस सांगितलाय, छत्री घरी ठेवा' हा विनोद आपण पिढ्यानपिढ्या करतोच. तिकडेही तेच झालं. अंदाज चुकला की पेपरांतून टिंगल, आणि वादळ आलंच नाही तर होड्या विनाकारण थांबल्या म्हणून मालकांची ओरड. शास्त्रज्ञ म्हणायचे, याला सिद्धांताचा पाया नाही. त्यात तब्येत आणि पैसा दोन्ही खालावलेले. ३० एप्रिल १८६५ ला फिट्झरॉयने आत्महत्या केली.

पुढच्या वर्षी फ्रान्सिस गाल्टनच्या समितीने (हा डार्विनचा सावत्र नात्याने आतेभाऊ, जग लहान आहे!) अहवाल दिला आणि इशारेच बंद पडले. मग किनाऱ्यावरून मागणी आली : आमचे शंकू परत द्या. इशारे चुकतात हे दर्यावर जाणाऱ्यांना समितीपेक्षा जास्त माहीत होतं. पण चुकणारा इशारा आणि काहीच इशारा नसणं, यातला फरकही त्यांनाच कळत होता. १८६७ साली इशारे पुन्हा सुरू झाले. पेपरातले अंदाज मात्र १८७९ पर्यंत आले नाहीत.

ब्रिटनमध्ये आजही रेडिओवर समुद्राच्या एकेका भागाचं नाव घेऊन वाऱ्याचा नंबर सांगतात. त्यातल्या एका भागाला २००२ साली फिट्झरॉय हे नाव मिळालं. याच यादीत आयर्लंडच्या दक्षिणेला 'फास्टनेट' नावाचा भाग आहे, आणि आपल्यासारख्या हौशी लोकांची गोष्ट तिथे घडली.

११ ऑगस्ट १९७९. इंग्लंडच्या काऊस बंदरातून ३०३ शिडाच्या बोटी शर्यतीला निघाल्या. फास्टनेटच्या खडकाला वळसा घालून प्लिमथला परत, एकूण ६०५ सागरी मैल. माजी पंतप्रधान एडवर्ड हीथ यांची बोट होती, पुढच्याच वर्षी सीएनएन सुरू करणारे टेड टर्नर होते. पण बरेचसे होते सुट्टी काढून आलेले लोक. नोकरीवाले, डॉक्टर, विद्यार्थी.

१३ तारखेच्या दुपारी रेडिओने सांगितलं की वारा चार-पाच नंबर, मग काही काळ सहा-सात. म्हणजे दमछाक होईल, पण मजाही येईल. शर्यतीला येणारा माणूस सातला घाबरत नाही. पण अटलांटिक ओलांडून आलेला एक किरकोळ कमी दाबाचा पट्टा आयर्लंडच्या नैऋत्येला अचानक खोल होत गेला. मग आठचा इशारा आला. दहाचा आला तेव्हा रात्र पडली होती. बोटी तोवर उघड्या समुद्रात, आणि इंग्लंडच्या टोकापासून फास्टनेटपर्यंत सुमारे दीडशे सागरी मैलांत आसऱ्याला एक बंदर नाही.

सात आणि दहा यांत फरक किती? वाचताना तीनचा वाटतो. सात म्हणजे ताशी ५० ते ६१ किलोमीटर, दहा म्हणजे ८९ ते १०२. पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग १.७ पट झाला की दाब जवळपास तिप्पट होतो. शिवाय लाटा वेगळ्याच.

त्या रात्री शर्यतीतले १५ जण मेले. २४ बोटी लोकांनी सोडून दिल्या. यातली चटका लावणारी गोष्ट नंतरच्या चौकशीत आली. सोडून दिलेल्या २४ पैकी ५ बोटी बुडाल्या, बाकीच्या १९ नंतर तरंगत सापडल्या. आणि ७ मृत्यू जीवरक्षक तराफ्यांशी संबंधित घटनांमध्ये झाले होते. भिजलेल्या, थकलेल्या माणसांनी अंधारात निर्णय घेतले होते. घरी कोरड्या खुर्चीत बसून त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. मुद्दा एवढाच की असा निर्णय त्या वेळेवर सोडायचा नसतो, तो निघायच्या आधी घ्यायचा असतो.

अंदाज पूर्ण चुकला होता का? नाही. दिशा बरोबर होती, वारा वाढणार हेही बरोबर होतं. फक्त तो 'किती' हे कळायला उशीर झाला. आपल्या भाषेत, उत्तर बरोबर पण लेटन्सी जास्त.

आता तुम्ही म्हणाल, ते १९७९ होतं, आज सॅटेलाइट आहेत, सुपरकॉम्प्युटर आहेत. खरंय, अंदाज प्रचंड सुधारले आहेत. पण मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडतं, आणि जगभराच्या चांगल्या मॉडेलचा चौकोन साधारण ९ किलोमीटरचा असतो. भारताने २०२५ साली ६ किलोमीटरचं मॉडेल सुरू केलं, पुण्याच्या आयआयटीएममध्ये बनवलेलं. अभिमानाची गोष्ट आहे. पण हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आठवा. थोड्याशा आडव्या अंतरात हजार मीटरच्या आसपास उंची बदलते. चौकोनाला हा कडा म्हणजे एक गुळगुळीत उतार. कड्यावर वारा खालून वर कसा उसळतो, खिंडीत कसा दामटतो, हे त्या १८ च्या आकड्यात नाही. कामशेतला पॅराग्लायडिंग करणारे वाऱ्याची दिशा जागेवर बघून टेकडी ठरवतात, ते उगाच नाही.

दुसरं म्हणजे लॉरेन्झची ती प्रसिद्ध गोष्ट. १९६१ साली त्याने .५०६१२७ ऐवजी .५०६ टाकलं आणि कॉम्प्युटरमधलं हवामान काही काळाने वेगळंच निघालं. म्हणून युरोपचं केंद्र १९९२ पासून थोडी थोडी वेगळी सुरुवात देऊन एकच अंदाज अनेकदा चालवतं. उत्तरं जवळजवळ आली तर भरवसा जास्त, फाकली तर कमी. तुमच्या ॲपमध्ये बहुधा यातलं एकच उत्तर दिसतं, तेही ढगाच्या चित्रासकट.

तेव्हा थोडक्यात काय तर दोन वेगळी मॉडेल बघा, त्यांचं पटत नसेल तर तोच खरा अंदाज समजा. सरासरी वाऱ्यापेक्षा झोतांचा आकडा आधी बघा, बोट आणि ग्लायडर दोन्ही झोताने उलटतात. अंदाज किती तासांपूर्वीचा आहे ते बघा. पावसाळ्यात आपल्या वाटेवरच नाही तर वरच्या घाटमाथ्यावर किती पाऊस आहे ते बघा, कारण पाऊस तिकडे आणि पूर आपल्या ओढ्याला. रेंज गेली की मनातल्या मनात अकरा नंबरचा बावटा चढवा.

आणि बोफर्टची पद्धत वापरा. प्रत्येक आकड्यापुढे कृती लिहायची. ओढ्याचं पाणी गुडघ्याच्या वर गेलं तर मागे. कड्यावर उभं राहताना तोल जातोय तर काठापासून लांब. दुपारी एकपर्यंत माथा आला नाही तर तिथूनच परत. हे आदल्या दिवशी, घरी, पंख्याखाली बसून ठरवायचं आणि ग्रुपमधल्या सगळ्यांना सांगून ठेवायचं. म्हणजे भर पावसात 'आता एवढं आलोच आहोत तर' असं कोणी म्हणालं, की वाद घालत बसावं लागत नाही.