पेपरांना प्रश्न विचारणारा पेपर

मागे ट्रकचे आवाज येतायत, तेवढं सांभाळून घ्या. आज मी कर्नाळ्याच्या पायथ्याशी बसून बोलतोय. वर किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा सुळका आणि खाली मुंबई-गोवा हायवे. हाच हायवे पुढे महाडला जातो. आजची गोष्ट तिथली, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली. तेव्हा पनवेल आणि महाड दोन्ही कुलाबा जिल्ह्यात होते.

आधी एक कबुली देतो. मागे एकदा ग्रुपवर आलेली एक बातमी मी न तपासता पुढे ढकलली. ती खोटी निघाली. मी डिलीट केली, पण तोवर ती कुठल्या कुठे गेली होती. म्हणून हा विषय घेतलाय.

३१ जानेवारी १९२०. मुंबईत ‘मूकनायक’ नावाचं पाक्षिक सुरू झालं. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, सरकारी नोकरीत. त्यामुळे संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचं. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती.

पहिल्याच अग्रलेखात बाबासाहेबांनी वर्तमानपत्रांचा हिशेब मांडला. मुंबई इलाख्यातले बरेचसे पेपर आपापल्या जातीचं हित बघतात, इतरांची त्यांना पर्वा नसते, आणि कधी कधी तर इतरांना मारक ठरेल असंही छापतात, असं त्यांचं म्हणणं. पण सरसकट सगळ्यांना झोडपलं नाही बरं का! ‘दीनमित्र’, ‘जागरूक’, ‘विजयी मराठा’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘सुबोधपत्रिका’ अशा पत्रांत बहिष्कृतांच्या प्रश्नांची चर्चा होते, हे नावं घेऊन मान्य केलं. फक्त तिथे जागा पुरत नाही, म्हणून स्वतःचं पत्र हवं.

आणि ‘केसरी’? ‘मूकनायक’ची जाहिरात त्यांनी पैसे घेऊनही छापायला नकार दिला, अशी नोंद बाबासाहेबांच्या चरित्रात आहे. म्हणजे तक्रार हवेतली नव्हती.

पुढे बाबासाहेब शिक्षणासाठी लंडनला गेले आणि १९२३ मध्ये ‘मूकनायक’ बंद पडलं.

आता महाड. २० मार्च १९२७ ला परिषदेला आलेले हजारो लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. नगरपालिकेच्या ठरावानुसार तळं सगळ्यांना खुलं होतं. पण गावात अफवा उठली, की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार. कुणाच्याही मनात तसं नव्हतं. पण जमाव धावून आला, आणि जेवायला बसलेल्या माणसांना मारहाण झाली. त्या काळी मोबाइल नव्हता, मंडळी. तरी अफवेला तेवढा वेळ पुरला.

अवघ्या चौदा दिवसांनी, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ निघालं. या वेळी संपादक स्वतः बाबासाहेब. महाडमध्ये नेमकं काय झालं, हे त्यांनी आपल्या बाजूने सविस्तर लिहिलं. विरोधात लिहिणाऱ्या पत्रांचा मुद्द्यागणिक समाचार घेतला. बहुतेक मजकूर एकट्याने लिहायचा, वर पैशांची चणचण. १९२९ मध्ये तेही थांबलं.

पण प्रश्न थांबला नाही. १९४३ मध्ये पुण्यात रानड्यांवरच्या भाषणात बाबासाहेब म्हणाले, की आपल्याकडची पत्रकारिता आता धंदा झालीय; साबण बनवण्यात जितकी नैतिकता, तितकीच यात उरलीय.

मला यातून घ्यावीशी वाटणारी गोष्ट साधी आहे. ‘सगळा मीडिया विकला गेलाय’ म्हणून मोकळं होणं सोपं असतं. बाबासाहेबांनी मात्र प्रत्येक पेपर वाचला, चांगल्याला चांगलं म्हटलं, आणि जे सुटत होतं ते स्वतः लिहिलं. पुढची बातमी पाठवण्याआधी मी आता एवढंच बघतो: ही कोण सांगतंय, आणि जिच्याबद्दल आहे त्या माणसाचा आवाज यात आहे का?

तुम्हीही बघा. भेटू पुढच्या भागात.