मूळ स्थितीतली जीप

जुन्या जीपवाल्यांच्या जगात एक प्रश्न हमखास येतो : "ओरिजिनल आहे का?" विचारणारा आधी बॉनेटवर टकटक करून पत्रा बघतो, मग गुडघ्यावर बसून खाली डोकावतो आणि शेवटी चेसीवर नंबर कुठे ठोकलाय ते शोधतो. सोमवार ते शुक्रवार कोड लिहायचा आणि शनिवार-रविवार मित्राच्या जुन्या एमएम ५४० खाली पाठीवर पडायचं, असं माझं गेली काही वर्षं चाललंय. हा प्रश्न इतक्या वेळा कानावर आला की म्हटलं एकदा इतिहासच वाचून काढू. वाचून झाल्यावर माझं मत असं झालंय की जीपच्या बाबतीत "ओरिजिनल" या शब्दाला फारसा अर्थ नाही. आणि हल्लीच्या नियमांमुळे हा नुसता गप्पांचा विषयही राहिलेला नाही. पण ते शेवटी. आधी मूळ शोधूया.

जुलै १९४०. फ्रान्स नुकताच पडला होता आणि अमेरिकन लष्कराला घाईघाईने एक हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. १३५ कंपन्यांना विचारणा गेली. अट काय, तर नमुना ४९ दिवसांत! मुदत पाळतो म्हणणारी एकच कंपनी निघाली, पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची अमेरिकन बँटम, आणि तीही बुडायला आलेली. तिने कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनियरला बाहेरून बोलावलं. त्याने काही दिवसांत आराखडा काढला, बाजारात तयार मिळणारे भाग शक्य तिथे वापरले, आणि २३ सप्टेंबरला गाडी मेरीलँडच्या होलाबर्ड छावणीत हजर झाली.

पुढे काय व्हायचं तेच झालं. बँटम छोटी कंपनी, लष्कराची भूक मोठी. बँटमचे आराखडे लष्कराने विलीस-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन मोठ्या कंपन्यांना दिले. वजनाची अट सुरुवातीला १३०० पौंड होती, म्हणजे साधारण ५९० किलो. त्यात गाडी बसणं कुणालाच शक्य नव्हतं, म्हणून शेवटी ती २१६० पौंडांवर नेली. (मध्येच रिक्वायरमेंट बदलणारा क्लायंट १९४० मध्येही होता, हे वाचून मला फार बरं वाटलं.) विलीसचं इंजिन सगळ्यांत दमदार, पण गाडी जड. त्यांच्या बार्नी रूसने मग गाडी सुटी करून एकेक भाग तोलला, लांब बोल्ट आखूड केले, रंगाचा हातसुद्धा मोजून मारला, आणि कशीबशी ती मर्यादेत बसवली.

म्हणजे बघा, कल्पना बँटमची, ६० अश्वशक्तीचं इंजिन विलीसचं आणि पत्र्यातून दाबून काढलेली पुढची उभ्या फटींची जाळी फोर्डची. महायुद्धात अशा ६ लाखांहून अधिक जीपा बनल्या, विलीसच्या जास्त, फोर्डच्या त्याखालोखाल. बँटमच्या वाट्याला जेमतेम अडीच-पावणेतीन हजार आल्या. वर युद्धकाळात विलीसने "जीप आम्हीच निर्माण केली" अशा जाहिराती केल्या. त्यावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९४८ मध्ये ठणकावलं की हा दावा दिशाभूल करणारा आहे. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर पहिल्या आवृत्तीतच तीन जणांचा कोड होता आणि श्रेय एकाने घेतलं.

पण या घाईतून एक फार मोठी गोष्ट साधली. दोन कंपन्यांच्या जीपांचे भाग एकमेकींना बसले पाहिजेत हा लष्कराचा आग्रह होता. फोर्डने आपल्या भागांवर हौसेने "एफ" अक्षर ठोकलं खरं, पण तो भाग विलीसच्या गाडीला बसायचाच. खाली शिडीसारखी चेसी, तिच्यावर बोल्टने आवळलेली बॉडी, चारी कोपऱ्यांत पाटे, पुढे-मागे अखंड अॅक्सल. आघाडीवर चिखलात बसून दोन मोडक्या जीपांतून एक चालती जीप करता यावी, अशीच तिची रचना झाली. जीप जन्मतःच सुटे होण्यासाठी बनली होती. तिच्या पुढच्या ऐंशी वर्षांचा इतिहास या एका गुणातून निघालाय.

आता आपल्याकडे येऊ. १९४५ मध्ये महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मुहंमद यांनी "महिंद्र अँड मोहम्मद" ही कंपनी काढली. फाळणीनंतर मुहंमद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये पाटीवरचं दुसरं नाव बदलून पुन्हा "महिंद्र" झालं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत विलीसच्या जीपा पेट्यांतून सुट्या भागांच्या रूपात यायला लागल्या आणि मुंबईत माझगावला जोडल्या जाऊ लागल्या.

गंमत म्हणजे स्वतंत्र भारताचा पहिला गाजलेला घोटाळाही जीपांचाच. काश्मीर युद्धाच्या काळात, १९४८ मध्ये, लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयामार्फत दुरुस्त केलेल्या जुन्या जीपांची मागणी नोंदवली गेली. त्यातल्या १५५ आल्या, आणि लष्कराने त्या वापरण्याजोग्या नाहीत म्हणून नाकारल्या. म्हणजे दुरुस्त केलेली जीप आणि रंग मारलेली जीप यांतला फरक आपण अगदी सुरुवातीलाच शिकलो!

आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर जी जीप येते ती म्हणजे उंच बॉनेटवाली, बीडीओ साहेबांची नाहीतर फौजदाराची. ती सीजे-३बी. विलीसने १९५३ मध्ये तिच्यात हरिकेन इंजिन बसवलं. जुन्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह बाजूला, ब्लॉकमध्ये असत. यात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह डोक्यावर नेले. ताकद वाढली, पण इंजिनाची उंचीही वाढली. मग काय केलं? बॉनेट उचललं! नवीन डिझाइन वगैरे काही नाही. जुन्या अंगावर उंच टोपी. अमेरिकेत नाकं मुरडली गेली, आणि आपल्याकडे मात्र तोच चेहरा कित्येक दशकं टिकला.

चेहरा टिकला, पण आतलं काळीज बदलत गेलं. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल पिणारी जीप परवडेना. महिंद्रांच्या हाताशी कांदिवलीत ट्रॅक्टर होते, इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने १९६० च्या दशकात सुरू झालेले. त्या ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये आलं. मग १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजोकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला आणि ती इंजिनं इगतपुरीला बनू लागली. १९८५ च्या सुमारास आलेल्या एमएम ५४० मध्ये हेच इंजिन. अमेरिकन सांगाडा, फ्रेंच इंजिन आणि इगतपुरीचं पाणी!

कंपनी हे करत होती तेव्हा गॅरेजवालेही स्वस्थ बसले नव्हते. लष्कराच्या लिलावातून, म्हणजे आपल्या भाषेत डिस्पोजलमधून, जीप घ्यायची, पेट्रोल इंजिन उतरवायचं आणि मिळेल ते डिझेल चढवायचं, हा देशभरचा उद्योग होता. कुणी मॅटाडोरचं बसवलं, कुणी ट्रॅक्टरचं. हरियाणातलं मंडी डबवाली तर अशा बांधलेल्या जीपांसाठीच प्रसिद्ध झालं. आपल्याकडे सातारा-सांगली-कोल्हापूरकडे वडापच्या, मराठवाडा-विदर्भात काळी-पिवळीच्या गाड्यांनी याच वंशाच्या लांब जीपा उभ्या-आडव्या माणसांनी भरून चालवल्या. त्यांतल्या बहुतेकांना पुढची चाकं ओढणारा अॅक्सल नव्हताच, कारण डांबरावर त्याचं ओझं कशाला?

हा पुढचा अॅक्सल म्हणजे नेमकं काय, तेही सांगतो. गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, ट्रान्सफर केस. एक दांडा पुढच्या चाकांना ताकद देतो, दुसरा सगळं गिअरिंग सुमारे अडीच पट खाली आणतो. लो मध्ये पहिला गिअर टाकला की जीप चालण्याच्या वेगाने, अॅक्सिलरेटरला हातही न लावता दगडांवरून चढते. (पायही न लावता म्हणायला हवं.) उतारावर ब्रेकऐवजी इंजिनच गाडी धरून ठेवतं. क्लचवरून पाय काढायचा आणि गप्प बसायचं, हे ऑफरोडिंगचं पहिलं शिक्षण. आणि जीप अडकते कुठे, तर पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकदम अधांतरी झालं की. साधं डिफरन्शियल कमी विरोधाच्या बाजूला फिरतं, त्यामुळे हवेतली दोन चाकं मजेत गरगरतात आणि जमिनीवरची दोन ढिम्म. म्हणून लोक लॉकर बसवतात.

हौशी लोक मग तिथे थांबत नाहीत. मोठे टायर येतात. मोठा टायर म्हणजे गिअरिंग उंच झालं आणि अॅक्सलवर जोर वाढला. म्हणून डिफचे दात बदला. टायर घासतात म्हणून पाटे अॅक्सलच्या वर घ्या. गाडी उंच झाली की प्रोपेलर शाफ्टचा कोन तिरका होतो, कपलिंग बोंबलतं, स्टिअरिंगचे रॉड वाकडी दिशा धरतात. एक ओळ बदलली की दहा टेस्ट फेल. आमच्या ओळखीचे मेस्त्री काका म्हणतात, "साहेब, आधी ब्रेक, मग इंजिन, मग शायनिंग." लाख बोललात काका.

आणि आता कायद्याचं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सांगितलं की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून फारकत घेणारे बदल वाहनात करता येणार नाहीत. जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी नियम आले. ५० वर्षांहून जुनी गाडी "विंटेज" म्हणून नोंदता येते, पण ती मूळ रूपात हवी, चेसी, बॉडी किंवा इंजिन बदललेलं नको. शिवाय पंधरा वर्षं ओलांडलेल्या खाजगी गाडीच्या पुनर्नोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२ पासून बरंच वाढलं.

कायद्यामागचं कारण मला पटतं. १९५० च्या दशकातल्या ड्रम ब्रेकवर आजचं तगडं डिझेल बसवून कुणी एक्सप्रेसवेवर सुटला, तर तो एकटाच मरत नाही. पण या चाळणीतून निसटतं काय ते बघा. एखाद्या महाराजांची मोटार पन्नास वर्षं गादीखाली झाकून ठेवली असेल तर ती वारसा. आणि जी विलीस १९७० च्या दशकात डिझेल होऊन शेतावर राबली, जिने पेरणी, लग्नं, निवडणुका, दवाखाने सगळं केलं, ती मूळ रूपात नाही म्हणून वारसा नाही. खरं तर बदलली म्हणून तर ती जगली. न बदललेल्या तिच्या बहुतेक बहिणी केव्हाच भंगारात गेल्या.

ब्रिटनमध्ये बरीच वर्षं एक गुणपद्धत होती. नव्याने बांधलेल्या गाडीने जुना नंबर ठेवायचा तर ८ गुण हवेत : चेसीचे ५, सस्पेन्शन, अॅक्सल, ट्रान्समिशन, स्टिअरिंग यांचे प्रत्येकी २ आणि इंजिनाचा फक्त १. मला यातलं शहाणपण आवडलं. इंजिन बदलतंच हे त्यांनी गृहीत धरलं होतं. आपल्याकडेही नोंदणीच्या पुस्तकात बदलांची यादी का असू नये? कधी, काय, कुणी बदललं आणि ब्रेक तपासले का, असं. आम्ही कोडबाबत रोज हेच करतो. इतिहास पुसत नाही, फक्त नोंदत जातो. तपासणी कडक ठेवा, वाटल्यास दुप्पट कडक, पण ती गाडी आज सुरक्षित आहे का याची असू दे.

असो. तोवर एक करा. कुठे जुनी जीप दिसली तर "ओरिजिनल आहे का" असं विचारू नका. "काय काय बदललंय?" असं विचारा. मालक खरा जीपवाला असेल तर चहा सांगेल, आणि तुमचा तास-दीड तास कुठे गेला ते तुम्हाला कळणार नाही.