कंदिलाचा उजेड आणि म्युनिकचा कॅमेरामन

‘महल’ची गोष्ट आमच्या वारज्याच्या घरी आजोबा सांगायचे आणि आजी मधे मधे दुरुस्त करायची. चित्रपट १९४९चा. वारजे तेव्हा पुण्याबाहेरचं, मुठेकाठचं शेतकऱ्यांचं गाव. सिनेमा पाहायचा तर पायी शहर गाठायचं आणि खेळ सुटला की अंधारातून परत यायचं. मधुबाला, अशोककुमार यांची नावं दोघांनाही पाठ होती. लताबाईंचं गाणं आजी भाकऱ्या थापताना गुणगुणायची. आजोबा मात्र रंगून सांगायचे ते उजेडाबद्दल. “कंदील घेऊन माणूस निघाला ना, की त्याच्याआधी त्याची सावली निघते बघ. अगदी तस्संच होतं त्यात.” आजी म्हणायची, “अहो, आणि ते झुंबर? ते हललं की भिंतच हलायची.”

त्यांच्या घरात वीज नव्हती. रोजची संध्याकाळ कंदिलावर काढणाऱ्या त्या पिढीला उजेड-अंधाराची जी पारख होती, ती मला कुठल्याही समीक्षकापेक्षा मोलाची वाटते. ज्याच्या कामाला ही दाद होती, त्याचं नाव मात्र दोघांनाही कधी कळलं नाही.

त्याचं नाव जोसेफ विर्शिंग. जन्म १९०३, म्युनिकचा. हिमांशू राय आणि फ्रान्झ ऑस्टेन यांच्या ‘प्रेम संन्यास’ या मूकपटासाठी १९२५मध्ये तो कॅमेरा घेऊन पहिल्यांदा भारतात आला. १९३४मध्ये राय आणि देविका राणी यांनी मालाडला ‘बॉम्बे टॉकीज’ उभारली, तेव्हा ऑस्टेन दिग्दर्शक आणि विर्शिंग छायालेखक झाले. ‘जवानी की हवा’, ‘अछूत कन्या’, ‘जीवन नैया’ हे सगळे त्याच्याच कॅमेऱ्यातून उतरले. पुण्याची ‘प्रभात’ही त्या सुमारास जर्मनीकडेच पाहत होती. शांतारामबापूंनी ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रती काढायला जर्मनी गाठली होती. मालाडला मात्र जर्मनीच चालत आली होती. तिथल्या मूकपटांनी कमावलेली विद्या, म्हणजे एकाच बाजूने प्रकाश टाकून अर्धा चेहरा अंधारात ठेवायचा आणि सावलीला पात्राइतकाच मान द्यायचा, ती विर्शिंगने इथे आणली. आपल्याकडच्या तरुणांनी ती त्याच्या हाताखाली उचलली. त्यांतल्याच आर. डी. परीन्जांनी पुढे १९४३चा ‘किस्मत’ चित्रित केला.

त्या वेळी गुरू तारेच्या कुंपणाआड होता. १९३९मध्ये महायुद्ध पेटलं आणि इंग्रज सरकारने इथल्या जर्मनांना शत्रू ठरवून ताब्यात घेतलं. ऑस्टेन मायदेशी परतले. विर्शिंगच्या वाट्याला नगर, देवळाली, देहरादून, सातारा अशा छावण्या आल्या. ऐन तिशी-चाळिशीतली कामाची वर्षं त्यात गेली. वारज्यावरून आज साताऱ्याकडे धावणारा हायवे पाहताना मला हे हटकून आठवतं. ज्या मुलखाच्या पडद्यावर त्याने चांदणं उतरवलं, त्याच मुलखात तो कैदी होता. त्याचा गुन्हा काय, तर जन्मगाव.

सुटल्यावर तो निघून गेला असता तर कुणी बोल लावला नसता. तो राहिला. पुन्हा कॅमेऱ्यामागे उभा राहिला आणि कमाल अमरोहींच्या पहिल्याच दिग्दर्शनाला, ‘महल’ला, त्याने तो उजेड दिला. अमरोहींनी पुढे त्याला सोडलं नाही. ‘दिल अपना और प्रीत पराई’ त्यानेच चित्रित केला, आणि मग ‘पाकीजा’. काळ्या-पांढऱ्यात सुरू झालेला हा चित्रपट रंगीत झाला, सिनेमास्कोप झाला, मीनाकुमारी आणि अमरोही यांच्या दुराव्यात वर्षानुवर्षं रखडला. तो पुरा व्हायच्या आतच, १९६७मध्ये, विर्शिंग मुंबईत वारला. उरलेलं काम इतर छायालेखकांनी त्याच्या मार्गानेच नेलं. ‘पाकीजा’ झळकला १९७२च्या फेब्रुवारीत.

हिंदी सिनेमाचा इतिहास आपण नट-नट्यांच्या आणि गाण्यांच्या आधारे सांगतो. हा अन्याय आहे, असं मला ठामपणे वाटतं. आजोबांना कथेचे धागे आठवत नसत, पण सावली आठवायची.

विर्शिंगने सेटवर काढलेली हजारो छायाचित्रं त्याच्या कुटुंबाने जपली. २०१७मध्ये गोव्यात त्यांचं प्रदर्शन भरलं. तुम्हाला ती नाही पाहता आली, तरी ‘महल’ची पहिली दहा मिनिटं खोलीतले दिवे मालवून जरूर पाहा, आणि श्रेयनामावलीत छायालेखकाचं नाव येईल तेव्हा ते मोठ्याने वाचा.