मेल्को

बालशिक्षणाची गुणवत्ता व फलनिष्पत्ती मोजण्यासाठी २०१४ मध्ये सुरू झालेला आंतरराष्ट्रीय उपक्रम. युनेस्को, युनिसेफ, जागतिक बँक आणि वॉशिंग्टनमधील ब्रुकिंग्ज इन्स्टिट्यूशन यांनी तो एकत्र येऊन हाती घेतला. शाळापूर्व वर्गांत किती मुले दाखल झाली, हे आकडे बहुतेक देशांत मिळत. तिथे मुले काय शिकतात, याची नोंद मात्र क्वचितच होई.

मेल्कोची दोन साधने आहेत. ‘मॉडेल’ हे मुलाची प्रगती पाहते : मूल तोंडी अंक म्हणते का, वस्तू मोजते का, अक्षरे ओळखते का, स्वतःचे नाव लिहिते का. सोबत पालक व शिक्षकांनाही प्रश्न विचारले जातात. ‘मेले’ वर्गाचे निरीक्षण करते. खेळसाहित्य कपाटात बंद आहे की मुलांच्या हाती, हे अशा निरीक्षणातच कळते. प्रश्नांचा गाभा समान ठेवून उरलेला भाग प्रत्येक देशाने आपल्या भाषेनुसार व अभ्यासक्रमानुसार बदलावा, अशी रचना आहे. हा निर्णय या उपक्रमाचे खरे बळ होय, कारण परक्या भाषेतल्या चाचणीत हुशार मूलही गप्प बसते. टांझानियात ही साधने वापरली गेली. उपक्रमाचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

शाश्वत विकास ध्येयांतील बालविकासाच्या ४.२.१ या निर्देशकासाठी युनिसेफने २०२० मध्ये मेल्कोहून वेगळी प्रश्नावली आणली. तिच्यात २४ ते ५९ महिन्यांच्या मुलांविषयी आईला किंवा सांभाळणाऱ्या व्यक्तीला २० प्रश्न विचारले जातात.