रायपूरचे धानभांडार आणि आपल्या ताटातला भात



यंदाच्या स्मरणिकेसाठी "इतिहासावर काहीतरी लिहा" असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा मी जरा बिचकलो. मी काही इतिहासाचा अभ्यासक नव्हे. १९७४ साली गोंदियाकडच्या एका खेड्यातून आलो आणि २०१३ पर्यंत भिलाई इस्पात कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये नोकरी केली. पण आपल्या मंडपातल्या मोदकांवरून एक विषय सुचला. आपल्या कोकणातल्या भगिनी दरवर्षी उकडीचे मोदक करतात. सुरुवातीच्या काळात इथे आंबेमोहोर मिळत नसे, म्हणून त्यांनी दुबराजची पिठी घेऊन पाहिली आणि ती जमली. आम्ही वैदर्भीय मंडळी तळणीच्या मोदकांची, पण त्या दुबराजच्या वासाने आम्हीही पंगतीत पुढे सरकू लागलो! हा दुबराज आला कुठून, आणि तो टिकवला कोणी, याची ही हकीकत आहे.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते आपल्या कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, हे आपण सर्वजण जाणतो. त्याआधी या जागेवर धानाची शेते होती, हे मात्र आपण विसरतो. छत्तीसगडला "धान का कटोरा" म्हणतात ते उगीच नाही. इथला शेतकरी जमिनीला नुसते "शेत" म्हणत नाही. भाटा, मटासी, डोरसा, कन्हार अशी मातीप्रमाणे नावे आणि प्रत्येक मातीला वेगळे धान! उंचावरच्या भाटा जमिनीत लवकर निघणारे, खोलगट कन्हारात उशिरा येणारे. गुरमटिया, सफरी, लुचई, विष्णुभोग, जवाफूल, जीराफूल अशी नावे ऐकताना गावातल्या माणसांची हजेरी चालली आहे असे वाटते.

आमच्याकडे पऱ्हे टाकून रोवणी करतात. इथे पूर्वापार पद्धत बियासीची. पाऊस पडला की बी फोकायचे आणि महिनाभराने बांधीत पाणी साचले की उभ्या पिकातूनच हलका नांगर फिरवायचा. मी पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा "हा माणूस पीक मोडतो की काय?" असे वाटले होते. पण त्याने तण मरते, दाटी कमी होते आणि रोपे नव्याने फुटतात. अडचण एकच, ती करग्याची. करगा म्हणजे रानटी धान. लोंबी येईपर्यंत तो असली धानासारखाच दिसतो आणि कापणीआधीच त्याचे दाणे गळून पुढच्या वर्षीची बेगमी करून ठेवतात.

यावरचा उपाय शोधला गेला तो नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताच्या काळात. रायपूरजवळ लाभांडीला विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सरकारी शेतीक्षेत्र होते. बी. बी. दवे या शास्त्रज्ञांनी करग्याची समस्या आणि तिचा तोडगा यांवर १९४३ साली निबंध प्रसिद्ध केला. तोडगा साधा आणि नामी होता. जांभळ्या पानांच्या जातींशी संकर करून जांभळ्या पानांचेच धान तयार करायचे. मग शेतात जे हिरवे दिसेल ते करगा समजून बेलाशक उपटायचे!

पुढे १९६१ मध्ये रायपूरला कृषी महाविद्यालय निघाले आणि २० जानेवारी १९८७ रोजी इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय स्थापन झाले. पण या विद्यापीठाचे सर्वांत मोठे धन त्याच्या स्थापनेआधीच गोळा झालेले होते. ते गोळा करणाऱ्याचे नाव डॉ. राधेलाल हेरेलाल रिछारिया.

१९०९ साली जन्मलेले रिछारिया केंब्रिजला शिकून आले होते. १९५९ पासून ते कटकच्या केंद्रीय तांदूळ संशोधन संस्थेचे संचालक होते. त्या सुमारास फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या बुटक्या, भरघोस उत्पन्नाच्या जाती भारतात येऊ लागल्या. त्यांच्यासोबत रोगराई येईल, पुरती तपासणी झाल्याशिवाय घाई करू नका, असे रिछारियांचे म्हणणे. त्यांना ते पद सोडावे लागले. १९७१ नंतर रायपूरला मध्य प्रदेश सरकारच्या तांदूळ संशोधन संस्थेत ते आले आणि इथे त्यांनी आयुष्यातले मोठे काम केले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून धानाचे नमुने जमवले. नुसते बी नव्हे, त्याचे गावातले नाव, ते कोणत्या जमिनीत येते, किती दिवसांत निघते, शेतकरी त्याबद्दल काय सांगतो, हेही टिपले. उत्पन्न वाढवायला परदेशी बी आणण्याआधी इथल्याच हजारो जातींतून निवड करा, हा त्यांचा आग्रह होता. पुढे ती संस्था बंद पडली, पण संग्रह कृषी विद्यापीठाच्या स्वाधीन झाला. तो १९ हजारांहून अधिक नमुन्यांचा होता. १९९६ साली रिछारिया गेले.

त्यांच्यानंतर सहा वर्षांनी या संग्रहाची मोठी परीक्षा झाली. २००२ साली सिंजेंटा या स्वित्झर्लंडच्या बियाणे कंपनीशी विद्यापीठाच्या वाटाघाटी चालल्याची बातमी बाहेर आली. कंपनीला संग्रहातले धान संशोधनासाठी मिळावे आणि विद्यापीठाला पैसा व स्वामित्वधन मिळावे, असा प्रस्ताव होता. राज्य होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. शेतकरी संघटना, कार्यकर्ते, नागरिक रस्त्यावर उतरले. त्यांचा प्रश्न सरळ होता. हे बी आमच्या आजा-पणजाने निवडून दिले, मग त्याचा सौदा करणारे तुम्ही कोण? डिसेंबर २००२ मध्ये कंपनीने माघार घेतली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कपाटात ठेवलेले बी आपोआप शेतकऱ्याच्या उपयोगी पडत नाही, त्यावर काम करायला पैसा लागतो, हे विद्यापीठाचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पण विश्वासाने सोपवलेल्या वस्तूबद्दल देणाऱ्याला आधी विचारावे, एवढे भान त्या आंदोलनाने आणले.

आता माझी स्वतःची गोष्ट. ती सांगायला संकोच वाटतो.

माझे वडील चिन्नोर लावत. बारीक, सुवासिक धान. शिजायला लागला की शेजारच्या ओसरीपर्यंत वास जाई. दरवर्षी चांगल्या लोंब्या निवडून बियाण्यासाठी ते वेगळी ढोली भरून ठेवत. १९८८ च्या उन्हाळ्यात ते गेले. धाकट्या भावाने जास्त उत्पन्नाचे नवे बियाणे आधीच आणले होते. ढोलीतले चिन्नोर मी पोत्यात भरून भिलाईला आणले, गिरणीतून काढून घेतले आणि गणपतीत सेक्टरमधल्या सगळ्यांना जेवू घातले. सर्वांनी वाहवा केली. मीही खूश झालो. ते बियाणे होते हे मला कळत नव्हते असे नाही. शेतकऱ्याचा मुलगा मी! पण "आता कोण लावतो" असे म्हणून मी ते सोडून दिले. २००२ मध्ये कँटीनमध्ये पेपर वाचताना पहिल्यांदा मनात आले, की एका कंपनीला जे मिळू नये म्हणून लोक भांडत आहेत, त्यातले आपल्या वाट्याचे आपण एका पंगतीत संपवले.

निवृत्तीनंतर एकदा रायपूरच्या किसान मेळ्यात गेलो होतो. जुन्या धानांच्या लोंब्यांच्या जुड्या मांडल्या होत्या. तिथल्या एका तरुण संशोधकाला चिन्नोरविषयी विचारले. तो म्हणाला, "काका, एका नावाची धाने गावागावात वेगळी असतात. चिन्नोर मिळेल, पण तुमच्या वडिलांचे तेच म्हणून कसे सांगू?" त्याचे उत्तर प्रामाणिक होते. २०२१ साली बालाघाटच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आनंद झाला आणि चुटपुटही लागली.

आज रायपूरच्या भांडारात धानाचे २३ हजारांहून अधिक नमुने आहेत आणि जगातल्या मोठ्या संग्रहांत त्याची गणना होते. विद्यापीठाने नवे वाणही दिले आणि नावे किती गोड! महामाया, दंतेश्वरी, बम्लेश्वरी. गोंदियाहून येताना डोंगरगडला गाडीतूनच हात जोडणाऱ्या आपल्यासारख्यांना बम्लेश्वरीची ओळख वेगळी करून द्यायला नको. २०१८ साली विद्यापीठ आणि भाभा अणुसंशोधन केंद्राने गठुवन, महाराजी आणि लायचा या जुन्या धानांत प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींना रोखणारे गुण आढळल्याचे सांगितले. त्याचे औषध झाले असे नव्हे, पण जुने बी राखले म्हणूनच ते तपासता आले. नगरीच्या दुबराजला २०२३ मध्ये मानांकन मिळाले.

शेवटी आपल्या रोजच्या भाताविषयी. आपल्यापैकी कितीतरी घरांत एचएमटी तांदूळ शिजतो. तो शोधला चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी. शिक्षण तिसरीपर्यंत आणि जमीन दीड एकर. जबलपूरच्या कृषी विद्यापीठातील डॉ. जे. पी. पटेल यांच्या "पटेल ३" या वाणाच्या बांधीत १९८३ साली त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी राखल्या आणि वाढवल्या. एका व्यापाऱ्याने घड्याळाच्या नावावरून त्याला एचएमटी म्हटले. १९९८ मध्ये अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने त्यातून पीकेव्ही-एचएमटी प्रसारित केला. श्रेयाचा वाद झाला, राष्ट्रपती कलामांच्या हस्ते २००५ मध्ये दादाजींचा गौरवही झाला, पण २०१८ साली ते गेले तेव्हा हाती फारसे काही नव्हते.

म्हणजे विद्यापीठाचे बी शेतकऱ्याकडे गेले, शेतकऱ्याचे पुन्हा विद्यापीठाकडे आले आणि तिथून आपल्या ताटात. या फेऱ्यात सर्वांत आधी विसरले जाते ते शेतकऱ्याचे नाव. रिछारियांनी बियाण्यासोबत माहितीही टिपली, याचे मोल मला आता कळते.

एक विनंती करून थांबतो. तुमच्या गावाकडे कोणी म्हातारा माणूस अजून जुने धान, ज्वारी किंवा वाल राखून असेल, तर यंदा दिवाळीला जाल तेव्हा मूठभर मागून घ्या, त्याचे नाव विचारा आणि लिहून ठेवा. लावणारा कोणीतरी मिळेल. माझ्यासारखे शिजवून टाकू नका.

गणपती बाप्पा मोरया!