मुळा, टोमॅटो आणि परसबागेचा न लिहिला गेलेला इतिहास

थ्रेड

१/ बीड जिल्ह्यातील नारायणगड हे नगद नारायण महाराजांचे स्थान. वारकरी त्यास ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखतात. या पर्जन्यछायेच्या मुलखात घरामागे, न्हाणीच्या सांडपाण्यावर, मुळ्याचा एखादा वाफा आणि टोमॅटोची चार रोपे दिसणे नवलाचे नाही. मात्र या दोन शेजाऱ्यांच्या येथील वास्तव्यात कित्येक शतकांचे अंतर आहे.

२/ मुळा हा जुना रहिवासी. संस्कृतात तो ‘मूलक’, म्हणजे ज्याचे मूळ खायचे तो. इंग्रजीतील ‘रॅडिश’ हे नाव लॅटिन ‘रॅडिक्स’वरून आले, त्याचाही अर्थ मूळच. इजिप्तच्या महापिरॅमिडवरील एका लेखात मजुरांच्या मुळा, कांदा आणि लसणावरील खर्च नोंदलेला होता, असे हेरोडोटस इ.स.पू. पाचव्या शतकात लिहितो.

३/ चरकसंहितेत कोवळा मुळा दोष हरणारा, तर जून मुळा तिन्ही दोष वाढवणारा मानला आहे. पुढे धर्मशास्त्रीय आचारात माघ महिन्यात मुळा वर्ज्य ठरला. थंडी सरू लागली की मुळा जरड आणि पोकळ होतो, हे वाफा राखणाऱ्यास ठाऊकच असते. वैद्यक, आचार आणि बागेतला अनुभव येथे एकमेकांना दुजोरा देतात.

४/ वारकरी परंपरेत या भाजीला अधिक मोठे स्थान मिळाले. सोलापूर जिल्ह्यातील अरणचे संत सावता माळी (समाधी शके १२१७, इ.स. १२९५) यांनी आपल्या मळ्यातच विठ्ठल पाहिला. त्यांच्या प्रसिद्ध अभंगात कांद्याबरोबर मुळ्याचेही नाव येते. हाताला लागलेली माती हीच उपासना, हा विचार त्यांनी रोजच्या भाजीच्या नावांतून मांडला.

५/ त्या अभंगात टोमॅटो असणे शक्यच नव्हते. त्याचे मूळ दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागात; लागवडीचे पीक म्हणून तो मेक्सिकोत रुजला. नाव नाहुआत्ल भाषेतील ‘तोमात्ल’वरून आले. स्पॅनिशांनी १५२१ मध्ये अ‍ॅझ्टेक राजधानी जिंकल्यानंतर तो युरोपात पोहोचला. तेथेही अनेकांनी त्याला दीर्घकाळ विषारी मानले.

६/ मिरचीही त्याच खंडातून आली आणि भारतीय स्वयंपाकघरात लवकर स्थिरावली. टोमॅटोला मात्र वेळ लागला. त्याचे एक कारण आपल्या चवीत शोधता येते. आंबटपणासाठी चिंच, ताक, आमसूल आधीच हाताशी होते. नव्या आंबट फळाची निकड कोणाला भासणार?

७/ त्याच्या प्रसाराला वेग आला तो इंग्रजी अमदानीत. मराठी व्याकरण (१८०५) छापणारे विल्यम केरी यांनीच १८२० मध्ये कोलकात्यात कृषी व उद्यान संस्था स्थापली; पश्चिम भारतासाठी तशीच संस्था १८३० मध्ये निघाली. युरोपीय भाज्यांची बियाणी अशा बागांतून पसरली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही जॉर्ज वॉट यांच्या कोशानुसार टोमॅटो मुख्यतः युरोपीयांसाठी पिकवला जाई.

८/ परकेपणाची खूण शब्दांत उरली आहे. बंगालीत तो ‘बिलाती बेगुन’, म्हणजे विलायती वांगे. कुळ पाहता ही उपमा चुकीची नाही. दोघेही एकाच वनस्पतिकुळातील. विदर्भात त्याला ‘भेदरे’ म्हणतात. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादात आजही टोमॅटो वापरत नाहीत.

९/ मग हे परके फळ मराठवाड्याच्या घरात आपले कसे झाले? कागदपत्रांत याचे उत्तर सापडणे कठीण. शेताचा सातबारा असतो, त्यावर पिकाची नोंद होते; गावठाणातील घरामागच्या परसाला सातबारा नसतो. १९४८ पर्यंत निजामी राजवट, नंतर भारतीय संघराज्य, १९६० पासून महाराष्ट्र. राज्ये बदलली, तरी परसातील वाफा पीकनोंदीबाहेरच राहिला.

१०/ तो वाफा बहुधा घरातील बाईच्या हाती असे. मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत निघतो. त्याचा पाला भाजीला, कंद कोशिंबिरीला. काही मुळे मुद्दाम ठेवायचे. त्यांना डिंगऱ्या धरतात, त्यांतल्या काही भाजीला आणि उरलेल्या बियाण्याला. पिकलेल्या टोमॅटोचे बी राखेत चोळून वाळवायचे, पुढल्या हंगामासाठी पुरचुंडीत बांधायचे. पाणी तेच, भांडी घासून आणि अंघोळ करून उरलेले.

११/ १९७२ च्या दुष्काळाने हा मुलूख होरपळला. पिण्याच्या पाण्याचेच हाल असताना परस कोठून हिरवे राहणार? ज्या वर्षी वाफा सुकतो, त्या वर्षी भाजीबरोबर घरचे बीही संपते. अशा लहान नुकसानीचे पंचनामे होत नाहीत. पुढल्या पावसाळ्यात शेजारणीकडून मूठभर बी आले, तरच ते वाण टिकते.

१२/ म्हणून परंपरा म्हणजे केवळ प्राचीन तेच, ही समजूत या वाफ्यापाशी सैल होते. मुळ्यामागे चरक आणि सावता माळी आहेत, टोमॅटोमागे मेक्सिको आणि विलायती बागा. दोघांनाही या मातीत टिकवले ते वापरलेल्या पाण्याच्या घागरीने आणि जपलेल्या पुरचुंडीने. ज्यांच्या हातांनी हे केले, त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. (समाप्त)