पहिल्या पंधरा मिनिटांचें पाणी

अंगावर विषारी रसायन पडलें असतां औषधाच्या आधीं पाणी हवें, हा धडा मनुष्यानें फार मोठी किंमत देऊन घेतला. २ डिसेंबर १९४३ रोजीं जर्मन विमानांनीं इटलींतील बारी बंदरावर हल्ला केला. तेथील ‘जॉन हार्वे’ या अमेरिकन जहाजावर मस्टर्ड वायूचे बाँब गुप्तपणें ठेविलेले होते. तें विष तेलांत मिसळून पाण्यावर पसरलें. वांचविलेल्या खलाशांना भिजल्या कपड्यांनिशींच कांबळ्यांत गुंडाळलें गेलें, आणि ६०० हून अधिक बाधितांपैकीं ८३ दगावले.

आजचा सुरक्षा-शॉवर याच जाणिवेचें यंत्ररूप होय. अमेरिकन मानकाप्रमाणें त्यांतून मिनिटास सुमारें ७६ लिटर पाणी १५ मिनिटें पडलें पाहिजे. भारतानेंही १९८२ सालीं आपलें मानक ठरविलें.

गोंदिया जिल्ह्यांत तिरोड्यास ३३०० मेगावॉटचें औष्णिक वीजकेंद्र आहे. अशा केंद्रांत पाणी क्षारमुक्त करण्यास तीव्र आम्ल व दाहक सोडा लागतो. परंतु विदर्भाच्या वैशाखांत उघड्या नळांतील पाणीच पोळूं लागतें. मानक तर १६ ते ३८ अंशांचें कोमट पाणी मागतें.

पाण्यालाही मर्यादा आहेत. तेलकट विष त्यांत सहज विरघळत नाहीं. हायड्रोफ्लुओरिक आम्लास धुतल्यावरही कॅल्शियमचें मलम लागतें. अंगावरचे कपडे तसेच राहिले, तर धुणेंच अपुरें राहतें. शॉवर बसविणें सोपें. संकोच सोडून तत्काळ त्याखालीं उभें राहण्याची संवय लावणें हेंच खरें काम आहे.